काचेत राहिलेली फुले

शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर किंवा एखाद्या कचेरीत कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला काचेचा वाटोळा गोळा तुम्ही पाहिलाच असेल. पंखा सुरू झाला किंवा खिडकीतून वारा आला की कागद उडू नयेत, एवढेच त्याचे काम. त्याला पेपरवेट म्हणतात, आणि मराठीतही आता दुसरे नाव कोणी वापरीत नाही. आमच्या गावच्या शाळेत असा एक गोळा होता. आत एक निळे फूल, त्याच्या पाकळ्या ओबडधोबड, आणि मधोमध एक बुडबुडा. हेडमास्तर बाहेर गेले की आम्ही पोरे तो हळूच उचलून उजेडाकडे धरीत असू. एकदा मी धीर करून गुरुजींना विचारले, "गुरुजी, हे फूल आत गेले कसे?" गुरुजी म्हणाले, "आधी तुझे एकोणतीसचे पाढे डोक्यात जाऊ देत, मग फुलाचे बघू."

पाढे डोक्यात गेले की नाही हे सांगत नाही, पण फुलाचा प्रश्न मात्र राहून गेला. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा कळले की त्या प्रश्नाचे उत्तर एका काळी फ्रान्सातल्या कारागिरांना फार चांगले ठाऊक होते, नंतर ते जवळजवळ हरवले, आणि पुन्हा शोधून काढावे लागले. काचेतल्या फुलांचे उत्तम पेपरवेट जगात जे मानले जातात ते १८४५ ते १८६० या पंधरा-एक वर्षांत फ्रान्समध्ये झाले. त्या वेळी ते टेबलावर ठेवायची एक हौसेची वस्तू म्हणून विकले जात. हल्ली त्यांच्यासाठी संग्रहालये आहेत, आणि १९९० साली लिलावात एका जुन्या फ्रेंच गोळ्याला अडीच लाखांहून अधिक डॉलर पडले.

प्रथम हे सुरू कसे झाले ते पाहू. १८४५ साली व्हिएन्ना शहरात ऑस्ट्रियाच्या उद्योगधंद्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, म्हणून तिथले काचकामही त्यात मांडले होते. पिएत्रो बिगाल्या या व्हेनिसच्या कारखानदाराने गोल गोळे ठेवले होते, आणि त्यांत रंगीत काचेचे शेकडो लहान तुकडे फुलांसारखे बसवले होते. पॅरिसच्या व्यापारी मंडळाने हे प्रदर्शन पाहून अहवाल देण्यासाठी युजेन पेलिगो यांना पाठवले होते. पेलिगो हे रसायनशास्त्राचे मोठे प्राध्यापक. युरेनियम ही धातू शुद्ध रूपात प्रथम वेगळी केली ती यांनीच, १८४१ साली. अशा माणसाच्या नजरेतून हा लहानसा गोळा सुटला नाही. त्यांनी त्याची नोंद केली, आणि फ्रेंच कारखानदारांनी ती मनावर घेतली.

आता मौज अशी की फ्रान्समधल्या सँ लुई कारखान्याचे १८४५ हेच साल घातलेले पेपरवेटही सापडतात. मग आधी कोण, व्हेनिस की फ्रान्स? यावर संग्राहक लोक तासन्‌तास भांडतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही. रंगीत काचेच्या कांड्या जोडून फुले दाखवायची युक्ती तर रोमन लोकांच्या काळापासूनची आहे. व्हेनिसवाल्यांनी ती पुन्हा वर काढली, तिला मिल्लेफिओरी म्हणजे 'हजार फुले' असे नाव पडले, आणि फ्रेंचांनी तिच्यावर कळस चढवला, एवढे निर्विवाद आहे.

कारखाने मुख्यतः तीन. बाकारा, सँ लुई आणि क्लिशी. पहिले दोन पूर्व फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातले, रानावनातले. तिथे काच का, असे तुम्ही विचाराल, तर तिथे लाकूड होते म्हणून. बाकाराची गोष्ट मोठी बोलकी आहे. मेट्झच्या बिशपांची त्या भागात अफाट जंगले होती. जवळपास मीठ उकळून काढण्याचा धंदा चाले, त्याला सरपण लागे. तो धंदा बंद पडला आणि लाकूड पडून राहू लागले, गावात माणसांना काम उरले नाही. तेव्हा बिशपांनी राजा पंधरावा लुई याच्याकडे काचेची भट्टी घालण्याची परवानगी मागितली, ती १७६४ साली मिळाली. नदीतून ओंडके सोडून द्यायचे आणि भट्टीपाशी काढून घ्यायचे. सँ लुई त्याहून जुना, १५८६ सालचा. १७६७ मध्ये त्याला राजाचे नाव लावण्याचा मान मिळाला आणि १७८१ पासून तिथे शिसे घातलेली जड, झळझळीत स्फटिककाच होऊ लागली. क्लिशी हा पॅरिसच्या वेशीवरचा, १८३७ च्या सुमाराचा नवा कारखाना. भट्टीचे नाव काढले की आपल्याकडच्या जुन्या लोकांना तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना आठवेल. तो १९०८ चा, लोकांच्या पैपैशातून उभा राहिलेला. बाकारात राजाची सनद होती आणि इथे लोकांचा पैसा, पण भट्टीची धग तीच.

या गोळ्यांना गिऱ्हाईक कोण होते? पत्रे लिहिणारे लोक. हा काळच पत्रांचा. यंत्रावर होणारा कागद स्वस्त झाला होता, टाकाच्या जागी पोलादी निबे आली होती. इंग्लंडने १८४० मध्ये टपालाचे तिकीट काढले, फ्रान्सने १८४९ मध्ये. मध्यमवर्गाच्या घरी लिहायचे मेज आले, मेजावर दौत आली, लाखेचा शिक्का आला, तसा कागद दाबायचा गोळाही आला. पॅरिसच्या स्टेशनरीच्या दुकानांत इतर लेखनसाहित्याच्या रांगेतच तो मिळे. शिवाय १८४६-४७ ही फ्रान्समध्ये नापिकीची, महागाईची वर्षे. भारी पेले-सुरया घेणारे लोक अशा वेळी हात आखडतात, पण लहान देखणी वस्तू खपते. माझा तर्क असा आहे की बड्या कारखान्यांनी या किरकोळ वस्तूकडे इतके लक्ष दिले ते याच ओढीने. बाकारा आणि सँ लुई यांचा माल पॅरिसमध्ये एकच पेढी विकीत असे. तिने कारखान्याला लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत. क्लिशीचा माल भराभर खपतो आहे, तुम्ही मागे पडता आहात, अशी कुरकुर त्यांत आहे. व्यापाऱ्याची ही चिंता आपल्याला नवीन नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फूल आत गेले कसे?

याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली हजार फुलांची. भट्टीत वितळलेल्या काचेचा एक गोळा लोखंडी सळीच्या टोकावर घ्यायचा. तो चांदणीच्या किंवा फुलाच्या आकाराच्या साच्यात दाबायचा, म्हणजे त्याला पाकळ्या येतात. त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवायचा, पुन्हा साचा, पुन्हा थर. असा मुठीएवढा, आतून नक्षीदार गोळा तयार झाला की दुसरा कारागीर आपली सळी त्याच्या दुसऱ्या टोकाला चिकटवतो. आणि मग दोघे पाठमोरे न होता, एकमेकांकडे तोंड करूनच, झपाझप मागे चालू लागतात. साखरेच्या पाकाची तार ओढावी तशी काच ओढली जाते. गोळ्याची लांबलचक कांडी होते, पेन्सिलीएवढी बारीक. नवल असे की आतली नक्षी मोडत नाही, तिच्या प्रमाणातच लहान होते. थंड झाल्यावर कांडीचे बारीक तुकडे करायचे. आपल्या घरी अळूवडीचा उंडा कापतात, तेव्हा प्रत्येक कापात तीच गुंडाळी दिसते ना? तसेच हे. एका कांडीतून शेकडो फुले. अशा निरनिराळ्या कांड्यांचे तुकडे साच्यात हव्या त्या रचनेत मांडायचे, ते तापवायचे, वरून वितळलेली स्वच्छ काच टेकवून उचलायचे, आणि त्यावर पुन्हा काच घेऊन घुमट करायचा. क्लिशीच्या कांड्यांत एक गुलाब असे, कोबीच्या गड्ड्यासारखा दाट पाकळ्यांचा, बहुधा गुलाबी, कडेला हिरवा. संग्राहक त्याला क्लिशीचा गुलाब म्हणतात आणि तो दिसला की त्यांचे डोळे चमकतात. मात्र नुसत्या गुलाबावर भरवसा ठेवू नये. तसे गुलाब दुसऱ्यांनीही केले आहेत.

दुसरी तऱ्हा खऱ्याखुऱ्या एकेका फुलाची, आणि माझ्या मते खरी कला तिच्यात आहे. इथे कारागीर भट्टीपाशी नसतो, टेबलाशी बसतो. समोर दिवा, पायाखाली भाता. भात्याच्या वाऱ्याने दिव्याची ज्योत बारीक आणि प्रखर होते. सोनाराची फुंकणी आठवा. रंगीत काचेच्या काड्या त्या ज्योतीत मऊ करून चिमट्याने एकेक पाकळी, एकेक पान, देठ, कळी करायची. ती सगळी लोखंडी तबकडीवर नेमकी मांडायची. मग ती तबकडी तापवायची. ती थंड राहिली तर वरची काच टेकताच फूल तडकते, आणि फार तापली तर पाकळ्या वितळून एकमेकींत जातात. योग्य क्षणी वितळलेल्या स्फटिककाचेचा लोळ वर आणून फूल अलगद झाकायचे. हवेचा एक थेंब अडकला तर बुडबुडा कायमचा. हात किंचित हलला तर देठ एकीकडे आणि फूल दुसरीकडे. आणि एवढे साधूनही संकट टळत नाही. रंगीत काच आणि स्वच्छ काच या दोन्ही निवताना सारख्या प्रमाणात आक्रसल्या पाहिजेत. नाही तर वरून धडधाकट दिसणारा गोळा काही तासांनी, कधी काही दिवसांनी आपोआप चिरतो. म्हणून दोन्ही काचांचे मिश्रण जुळवून घ्यावे लागते, आणि तयार गोळा वेगळ्या भट्टीत फार सावकाश निववावा लागतो. शेवटी तळ घासायचा, कित्येकदा त्यावर चांदणी कोरायची, आणि पृष्ठभागाला जिल्हई द्यायची.

बाकाराच्या फुलांत सर्वांत अधिक दिसते ते पॅन्सी. वरच्या दोन मोठ्या पाकळ्या जांभळ्या, खालच्या तीन पिवळ्या, त्यांवर काळसर रेघा, शेजारी बहुधा एक कळी. फ्रेंच भाषेत या फुलाचे नाव 'पांसे', आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ विचार, आठवण. दूरच्या माणसाला पत्र लिहिताना समोर ठेवायला याहून समर्पक फूल कोणते! याशिवाय बाकाराचे प्रिमरोज, क्लेमाटिस आणि पांढरे गुलाब आहेत. सँ लुईने डेलिया केली ती अशी की पाकळ्यांनी सारा घुमट भरून जावा. त्यांचे लहान लहान गुच्छही आहेत, आणि फुलांबरोबर फळेही आहेत. क्लिशीकडे दिव्यावरची फुले फार थोडी, म्हणून ती मिळाली तर जपून ठेवतात. फुलाखाली पुष्कळदा पांढऱ्या काचेच्या धाग्यांची जाळी असते, तिला तिकडचे लोक मलमल म्हणतात.

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो. हे फूल वरून पाहिले की मोठे दिसते, बाजूने पाहिले की लहान आणि चपटे. घुमट भिंगाचे काम करतो. वर्गात दाखवायचे असेल तर खर्च काही नाही. छापील कागदावर काचेची पट्टी ठेवा आणि पट्टीवर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंबाखालचे अक्षर मोठे दिसेल. गोळ्याचा व्यास साधारण दोन ते सव्वातीन इंच. म्हणजे फूल प्रत्यक्षात बोटाच्या पेरापेक्षा फारसे मोठे नसते, आणि पाकळीवरच्या रेघा केवढ्या बारीक असतील याची कल्पना तुम्हीच करा.

माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाला या गोळ्यांत एक विशेष लोभ आहे. त्यांपैकी काहींत साल घातलेले असते. एका कांडीच्या कापात बारीकसे आकडे, आणि बाकाराचा असेल तर वर 'बी' हे अक्षर. बाकाराची १८४६ पासूनची साले सापडतात, १८४७ आणि १८४८ पुष्कळदा. आता १८४८ हे साल फ्रान्सच्या इतिहासात साधे नाही. त्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लोकांनी रस्त्यांचे दगड उपटून मोर्चे बांधले, राजा लुई फिलिप पळून गेला, जूनमध्ये मजुरांच्या उठावात हजारो माणसे मेली. मी वर्गात हे सगळे शिकवतो. आणि त्याच वर्षी लॉरेनच्या रानात कोणीतरी माणूस टेबलाशी बसून फुलांच्या मधोमध १८४८ हे आकडे बसवीत होता. त्याला पॅरिसच्या बातम्या कळल्या असतील काय? पगार वेळेवर मिळाला असेल काय? गोळ्यात साल आहे, कारखान्याचे अक्षर आहे, कारागिराचे नाव नाही.

नावे राहिली ती वरच्या माणसांची. बाकाराचे व्यवस्थापक तूसँ यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांचा पुतण्या एमिल ग्रिदेल नऊ वर्षांचा होता. तो कागदाची जनावरे कातरीत बसला होता. तूसँ यांना ती इतकी आवडली की त्यांनी त्यांवरून काचेच्या कांड्या करवल्या, आणि बाकाराच्या हजार फुलांत कोंबडा, हत्ती, माकड, हरीण यांच्या काळ्या आकृत्या आल्या. मुलाचे नाव आजही प्रत्येक संग्राहकाला पाठ आहे. ती आकृती काचेत ओतणाऱ्याचे नाव कोणाला सांगता येत नाही. असो.

१८५१ मध्ये लंडनला जगाचे मोठे प्रदर्शन झाले, तिथे क्लिशीचा माल गाजला. मग हळूहळू फॅशन ओसरली. १८६० नंतर हे काम फार थोडे होऊ लागले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात पांतँ या कारखान्याने सरडे आणि उठावदार फुले घातलेले काही गोळे मांडले, पण तो शेवटचा भर. मधल्या काळात १८७०-७१ चे युद्ध झाले आणि फ्रान्स जर्मनीकडून हरला. तहात लॉरेनचा काही भाग जर्मनीला गेला. सरहद्द अशी पडली की सँ लुई जर्मनीत गेले आणि बाकारा फ्रान्समध्येच राहिले. एकाच प्रांतातली ही दोन भावंडे १९१८ पर्यंत दोन देशांत होती. क्लिशीचा कारखाना १८८५ मध्ये दुसऱ्याने घेतला आणि त्याचे नाव संपले.

कारखान्यांच्या दप्तरात पेले, झुंबरे, सुरया यांचे नमुने आणि हिशेब राहिले, पण फुलांचे पेपरवेट कसे करायचे याची कृती कोणी नीट लिहून ठेवली नाही. ती हातात होती, आणि हात गेले की तीही गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बाकाराचाच दुपाँ नावाचा एक जुना कारागीर स्वतःपुरते काही गोळे करीत असे. त्यांत तो जुनी साले घाली, त्यामुळे संग्राहकांची पुढे चांगलीच फजिती झाली. पण त्यानेही आपली विद्या पुढे दिली नाही असे सांगतात. आपल्याकडच्या वैद्यांच्या आणि वाजंत्र्यांच्या घराण्यांतून अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील.

मग हे सगळे वाचवले कोणी? हौशी माणसांनी. आणि हौशी माणसे कसली म्हणता, तऱ्हेतऱ्हेची. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिला या गोळ्यांचा नाद होता. फ्रेंच लेखिका कोलेत हिच्या खोलीत ते भरलेले असत. १९४८ च्या सुमारास ट्रुमन कपोटी हा तरुण अमेरिकन लेखक तिला भेटायला गेला, तेव्हा तिने त्याला पांढऱ्या गुलाबाचा एक बाकारा देऊन टाकला, आणि त्या दिवसापासून तोही नादाला लागला. इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे मोठा संग्रह होता. १९५२ मध्ये त्याची गादी गेली, आणि १९५४ मध्ये कैरोच्या राजवाड्यात त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात हे गोळेही होते. राजेलोकांचे संग्रह बहुधा असेच शेवटी फुटतात.

मला अधिक आवडते ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या नीना गावच्या इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम या बाईंची गोष्ट. लहानपणी आजीच्या घरी त्यांनी एक फुलांचा गोळा पाहिला होता. साठीच्या आत-बाहेर असताना, १९३५ मध्ये, एका जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात तसाच एक दिसला आणि तो त्यांनी घेतला. मग नुसते गोळे जमवून त्या थांबल्या नाहीत. कुठला गोळा कुठल्या कारखान्याचा, कोणत्या कांड्या कोणाच्या, तळाची घडण कशी, हे सगळे त्यांनी ताडून पाहिले आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मागे, १९५९ साली, त्यांच्या गावच्या घरातच संग्रहालय उघडले. शिकागोच्या कलासंस्थेत आर्थर रुबलॉफ यांनी दिलेले हजारावर गोळे आहेत. संग्राहक हा माणूस अर्धा इतिहासकार आणि अर्धा कंजूष असतो असे माझे मत आहे, पण बर्गस्ट्रॉमबाईंपुढे हे मत थोडे डळमळते.

या नादाचा एक चटका मलाही बसला आहे, तो सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या बाजारात हिंडताना एका दुकानी मला काचेत पॅन्सीचे फूल दिसले. जांभळ्या पाकळ्या, पिवळ्या पाकळ्या, सारे पुस्तकात पाहिल्याप्रमाणे. दुकानदार म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, विलायती बंगल्यातला माल आहे, शंभर वर्षांचा." मला प्रोफेसर म्हटल्यावर मी अर्धा तिथेच विरघळलो. उत्तरपत्रिका तपासल्याचे पैसे त्याच दिवशी हातात आले होते, ते सगळे मोजले. घरी बायकोला सांगताना आकडा निम्मा केला. पुढे संग्रहालयातल्या एका जाणकारांना तो दाखवला. त्यांनी हातात घेतला, तळाशी बोट फिरवले आणि हसले. जुन्या फ्रेंच गोळ्याच्या तळाशी कडेला वापराने झिजून बारीक ओरखड्यांचे कडे पडलेले असते, कारण तो वर्षानुवर्षे टेबलावर सरकवला गेलेला असतो. माझ्या गोळ्याचा तळ तसाच खडबडीत होता. शिसे असलेली काच हाताला जड लागते, ही हलकी आणि किंचित तेलकट होती. १९३०च्या सुमारास अमेरिकन व्यापाऱ्यांनी जुने गोळे चीनमध्ये नमुन्यादाखल पाठवून त्यांच्या नकला करवून घेतल्या होत्या. माझा त्यांच्यापैकी असावा, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, "म्हणजे हेही जुनेच की!" त्यावर ते म्हणाले, "जुने आहे, पण तुम्ही समजता ते नव्हे."

चूक माझीच होती. मी फूल पाहिले, काच पाहिली नाही. त्यानंतर विद्यार्थ्यांना मी सांगू लागलो की कागदपत्र हाती आले की मजकूर वाचण्याआधी कागद पाहा.

आता बाकाराकडे परत येऊ, कारण खरी नवलाची गोष्ट अजून राहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, बाकारा गावचे चर्च बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. पुढे १९५१ साली त्याचे अवशेष उपसताना कोनशिलेच्या पोकळीत काचेचा एक गोळा सापडला. हजार फुलांचा, आत १८५३ हे साल. इमारतीचा पाया घालताना आपल्याकडे नाणी, धान्य, पंचरत्ने ठेवतात ना, तसे त्या गावच्या लोकांनी आपल्या हातचे उत्तम काम पायात ठेवले होते. आणि या एका गोळ्याच्या बाबतीत करणाऱ्याचे नाव राहिले आहे. मार्तँ कायझेर. अठ्ठ्याण्णव वर्षे तो अंधारात होता, वरून चर्च कोसळले, आणि गोळा शाबूत निघाला.

याच सुमारास पॉल जोकेलसन नावाचे फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत व्यापार करणारे एक संग्राहक दोन्ही कारखान्यांच्या मागे लागले होते की हे काम पुन्हा सुरू करा. १९५३ मध्ये त्यांनी संग्राहकांची संघटना काढली. त्याच वर्षी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त चेहऱ्याची पांढरी प्रतिमा आत बसवलेले गोळे निघाले. ते त्या मानाने सोपे. हजार फुले मात्र सहज जमली नाहीत. कोनशिलेतल्या गोळ्याने कारखान्याचा उत्साह वाढला, पण तो पाहून कृती कळत नव्हती. जुने गोळे पुढे ठेवून, पुन्हा पुन्हा चुकून, तडकलेले टाकून देऊन कारागीर शिकत गेले. १९५७ च्या सुमारास बाकाराच्या हजार फुलांना पुन्हा बहर आला. दिव्यावरची एकेक पाकळीची फुले जमायला त्याहून अधिक वर्षे लागली. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावात ही विद्या घरोघर होती, त्या गावाला ती इतरांच्या कपाटांतल्या वस्तूंवरून परत मिळवावी लागली. नव्या गोळ्यांवर कारखान्याची खूण आणि साल कोरण्याची पद्धत पडली, म्हणजे पुन्हा कोणी दुपाँ घोटाळा करू नये.

चर्चही पुन्हा बांधले, १९५७ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या भिंतीत बाकाराच्याच रंगीत स्फटिककाचेचे हजारो तुकडे बसवले आहेत, आणि ऊन आले की आत रंग उतरतात असे पाहून आलेले लोक सांगतात.

माझा चिनी गोळा मी विकला नाही. विकायला गेलो असतो तर मलाही खोटे बोलावे लागले असते. तो माझ्या टेबलावर आहे. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एखादा तो उचलून उजेडाकडे धरतो आणि विचारतो, "सर, हे फूल आत गेले कसे?" मग मी त्याला स्वयंपाकघरात नेतो आणि अळूवडीचा उंडा कापून दाखवायला सांगतो.